चौदा नंबरची खोली सुनेकडेच राहावी म्हणून

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंद्याने प्लंबर. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं पाइपांनी शिकवलं. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. परवा छातीचं ऑपरेशन आहे, म्हणून आजच लिहून ठेवतो.

१. आधी जे माझं नाही त्याविषयी. चौदा नंबरची खोली नगरपालिकेची, मी एक्केचाळीस वर्षांचा भाडेकरू. ती कोणाला देण्याचा मला अधिकार नाही, पण जीव तिथेच अडकलाय. मुलगा गेल्यापासून नऊ वर्षं सूनबाई माझ्याजवळ राहते. भाडेपत्रात तिचं नाव नाही. नियम असा, की भाडेकरू मेला की पत्रात नाव नसलेल्याने तीस दिवसांत खोली सोडायची. नाव लावण्याचा अर्ज दीड वर्ष धूळ खातोय. खिडकीवरचा कारकून दर वेळी म्हणतो, "आजोबा, तुम्ही आहात ना अजून? मग घाई कसली?" अरे बाबा, मी आहे तोवरच तर घाई आहे!

२. माझी चूक माझ्याच अक्षरात राहू दे. भाडेकरू समितीचा मी प्रमुख. इमारत दुरुस्त करायची की पाडायची, यावर नगरपालिकेने आमचं मत मागितलं. सभेत सगळे म्हणाले, दुरुस्त करा. पालिकेतले साहेब गोड बोलले, "काका, तुम्ही फक्त सह्या आणा, वरचा मजकूर आम्ही नीट टाइप करू." मी दारोदार फिरून बावन्न सह्या आणल्या, वर अर्धं पान कोरं ठेवून. तिथे टाइप झालं : आम्ही खोल्या रिकाम्या करण्यास राजी आहोत. हरकत घेतली आहे, निकाल नाही. तेव्हापासून जिन्यात अनोळखी पावलं वाजली की मी उठून दाराची साखळी लावतो.

३. बँकेतली शिल्लक, पलंग, कपाट, भांडीकुंडी सूनबाईला. लेकीला माझं मनगटी घड्याळ. पोरी, रुसू नकोस, तुझ्या डोक्यावर छप्पर आहे.

४. अवजारं धाकट्या भावाला. माझी लोखंड कापायची करवत नेऊन वीस वर्षं "उद्या आणतो" म्हणतोय, तीही त्यालाच माफ.

५. तिसऱ्या मजल्यावरच्या वेल्डरशी टाकीच्या पाण्यावरून अकरा वर्षं अबोला होता. कोऱ्या कागदावर सही न देणारा तो एकटाच. "वर काय लिहिणार ते आधी दाखव, म्हाताऱ्या," म्हणाला, आणि मी त्याला आडमुठा म्हटलं. काल पायऱ्या चढून माफी मागितली. साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणतात, नाहीतर मोठा पाना त्यालाच दिला असता.

६. सूनबाई, हे नीट ऐक. कोणीही आलं तरी दाराची साखळी काढायची नाही. कागद फटीतून घे, पुन्हा पुन्हा वाच, सही देऊ नकोस. अर्जाची पोच पिठाच्या डब्याखाली आहे. खोली तासभरही रिकामी सोडू नकोस. आपल्याच मजल्यावरची म्हातारी बहिणीकडे चार दिवस राहून आली, तर दाराला पालिकेचं कुलूप. मला स्मशानात पोचवायला निघशील तेव्हासुद्धा कोणाला तरी आत बसवूनच नीघ. ते जमलं नाही तर येऊ नकोस. मी रागावणार नाही.

दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही : चौदा नंबरचा भाडेकरू
ठिकाण : खोली क्रमांक चौदा, खिडकीजवळ
दिनांक : सतरा, सोमवार, दुपारी चार

साक्षीदार पहिली : तळमजल्यावरची शिवणकाम करणारी. काका, खरं सांगते, तुमच्या कागदावर सही म्हटलं की हात मागे येतो. तरी केली.

साक्षीदार दुसरा : तिसऱ्या मजल्यावरचा वेल्डर. सगळं वाचलं. पानाखाली उरलेल्या कोऱ्या जागेवर रेघ मारली आहे. त्या दिवशी सूनबाईने खुशाल जावं. खोलीत मी बसेन, आतून कडी लावून.