फिरकीच्या तांब्यातलं पाणी

प्रिय गुलाब,

तुझं पत्र आल्यापासून भाकरी गोड लागत नव्हती. वरण शिजत नाही म्हणून सासूबाई रोज बोलतात, “हिच्या हाताला गुणच न्हाय” म्हणतात, आणि तुला कायमचं निघून यावंसं वाटतं. आज लिहायला बसलेय तर हसू आवरत नाहीये.

यंदाच्या दुष्काळात आपल्या तामलवाडीतही बोअर पाडला. सातवीच्या मुली कुरकुरायला लागल्या, “बाई, ह्या पाण्यात साबणाला फेसच येत न्हाय.” म्हटलं, शोधूया. वर्गाचे गट पाडले. एका गटाला शाळेच्या विहिरीचं पाणी, दुसऱ्याला बोअरचं, तिसऱ्याला बोअरचंच पण उकळून गाळलेलं. प्रत्येकानं बाटलीत साबणाचा कीस टाकून हलवायचं. विहिरीच्या गटाचा फेस बाटलीबाहेर आला, तेव्हा असा गलका झाला की हेडमास्तर धावत आले. बोअरच्या बाटलीत नुसता दह्यासारखा साका, उकळलेल्यात थोडासा फेस! पाण्यात विरलेला चुना साबण खातो, हे सांगत होते, तेवढ्यात दारात तुझ्या सासूबाई.

तुळजापूरचं दर्शन करून थेट माझ्याकडं आल्या होत्या. पोरांसमोरच सुरू झाल्या, “इहीणबाई, लेकीला शाळा शिकिवली, डाळ शिजवाया कोन शिकिवनार?” मी बाटल्या आवरायला लागले. पण सातवीतली हरणा कुठली गप्प बसते! त्यांच्या हातातल्या फिरकीच्या तांब्याकडं बघून म्हणाली, “आजी, ह्यात कुठलं पाणी हाय?” ते होतं तुमच्या ईट गावचं, घरच्या बोअरचं. आड आटला म्हणून तुझ्या लग्नाच्याच महिन्यात पाडलेला. पोरांनी तांब्या मागूनच घेतला. फेस? नावाला नाही.

मग डाळही ह्याच पाण्यानं अडते का, हे बघितल्याशिवाय कुणालाच राहवेना. शाळेमागच्या चुलींवर तुरीची डाळ चढवली. एका पातेल्यात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात तांब्यातलं, तिसऱ्यातही तांब्यातलंच, पण चिमूटभर खायचा सोडा घालून. तुझ्या सासूबाई पदर खोचून स्वतः जाळ घालत होत्या. विहिरीच्या पाण्यातली डाळ मेणासारखी झाली, सोड्याचीही मऊ. तांब्यातल्या पाण्यातली मात्र त्यांनी बोटांनी दाबली, पुन्हा दाबली. टणक.

त्यांनी ते पातेलं खाली उतरवून ठेवलं. मग म्हणाल्या, “सून आली तवापासनं म्या चुलीम्होरं बसलेच न्हाय. मला काय ठाव, बोअर आन् सून संगंच आली!” पोरं खो खो हसली, आणि त्याही.

आता त्या माझ्याशेजारी बसून चहा पितायत. हे पत्र त्यांनीच लिहायला लावलंय. “तोंडानं बोलवायचं न्हाय माझ्याच्यानं. तुमी लिवा, म्या निऊन देते,” म्हणाल्या. सोड्याची पुडी पदराच्या गाठीला बांधलीय. घरी आल्यावर त्या काही कबूल करायच्या नाहीत. वरण दुसऱ्यांदा मागितलं तर वाढ, आणि हसू नकोस. निदान त्यांच्यादेखत तरी.

तुझीच,
आई