एकाचा नऊ

पुणे

ती. लंकाअक्का, पाया पडतो.

गणिताच्या अकरा वह्या, चारशे बारा आकृत्या, सुतळीची बांधणीसुद्धा, सगळं माझ्या हातचं. मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं.

त्यांचं पुस्तक काढायचंय. वह्यांच्या फोटोंवरून एआय छापील समीकरणं करतं, पण माझ्या मराठी १ चा इंग्रजी 9 करून ठेवतं. पंधरा दिवस तपासतोय. एक चूक धरली की दोन निसटतात. शुक्रवारी छापखान्यात दिलं नाही, तर यंदा पुस्तक निघत नाही. अक्का, माझ्याच्यानं होईलसं वाटत नाही. हे आईला सांगू नकोस. तिचा गुडघा पारनेरला दाखवलास का?

इथले क्लासवाले म्हणाले, "वाल्मिकराव, वह्या द्या, आमची माणसं तपासतील. पुस्तकावर नाव मात्र आमचं." मी नको म्हणालो. चाळीस हजार देत होते.

तुझा वाल्मिक