अळणी घर

२ ऑगस्ट
तनूचे गाल वर आले म्हणून आमच्या शेणवे गावात जो तो कौतुक करत होता. "पोरीनं अंग धरलं गो." सासूबाईंनी तर रोज मीठ-मिरची ओवाळून दृष्ट काढली. आज ठाण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही सूज आहे. मूत्रपिंडाचा आजार. प्रथिनं लघवीतून जातायत. गोळ्या बरेच महिने चालतील. मीठ बंद. सहा वर्षांची पोर माझी. येताना गाडीत खूप रडले. आता बास.

५ ऑगस्ट
रोज सकाळी तिची लघवी काचेच्या नळीत घेऊन तापवायची. पांढरी झाली की प्रथिनं जातायत समजायचं. आज अगदी पेजेसारखी.

९ ऑगस्ट
तनूनं ताट सरकवलं. "तुमी सगळी मिठाचं खाता." खरंच आहे तिचं. मिठाची बरणी उचलली, माळ्यावर टाकली. आता सगळ्यांनाच अळणी. हे मुरबाडला कंपनीत. डबा परत आणला तसाच. म्हणे, "मशीनवर उभं राहायला ताकद लागते." म्हटलं, ताकद भातात असते, मिठात नाय. उद्यापासून डबा रिकामा आला पाहिजे.

१६ ऑगस्ट
सासूबाईंना गोठ्यामागे सुका बोंबील भाजताना धरलं. वास लपतो होय? "मला काय झालंय गो?" म्हणाल्या. तेवढ्यात तनू आली. बोंबील मांजराला गेला. आज घरात मांजर तेवढं खूश.

३० ऑगस्ट
नळी थोडी गढूळ, पण कालच्यापेक्षा कमी. पाय उतरले, चप्पल बसली. अंगणभर चटाचटा वाजवत फिरली. मी भांडी टाकून बघत बसले.

४ सप्टेंबर
स्वच्छ. विश्वास बसेना, दुसऱ्यांदा तापवली. स्वच्छच. ह्यांना फोन केला तर नुसतं "खरं सांगतेस?" तेच तेच.

१२ सप्टेंबर
तेव्हापासून रोज स्वच्छ. डॉक्टरीणबाई खूश. आजार उलटू शकतो म्हणाल्या, नळी सोडू नका. पण थोडं मीठ चालेल.
जिंकलो. पुढचं पुढे, आज जिंकलो.
बरणी खाली काढली. सासूबाईंनी आधी मूठभर मीठ ओवाळून चुलीत टाकलं. मग डाळीत चिमूटभर. सगळे तनूच्या तोंडाकडे बघतायत. एक घास खाल्ला न् ताट सरकवलं.
"खारट हाय."
हे हसायला लागले ते रडायलाच लागले. बरणी पुन्हा माळ्यावर. ह्या वेळी सासूबाईंनीच ठेवली.
उद्या सकाळी नळी.