आनेकलची सहा गुंठे जागा आणि एक चुकीचा शेरा

मी, महानंदा हणमंतराव पाच्छापुरे, वय ७२, निवृत्त क्रीडाशिक्षिका व खो-खो प्रशिक्षक, मूळ निपाणीची, राहणार बनशंकरी, बेंगळूरु, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय स्वतःच्या हातानं लिहीत आहे. गुडघे गेलेत, डोकं जागेवर आहे. तसा डॉ. शिवकुमार यांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहतं घर मुलगा रघुनंदन व सून भाग्यलक्ष्मी यांना समान हिश्शानं. सहा वर्षं माझं पथ्यपाणी तिनं केलं, त्यानं दारातून चौकशी केली. तेव्हा "तिचं नाव कशाला?" हे त्यानं पुन्हा विचारू नये.

२. आनेकलजवळची माझी सहा गुंठे जागा रंजिता परसू तळवार हिला. ही माझी जुनी खेळाडू. आता तिकडच्या कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. तिलाच का, ते लिहिते.

तीस वर्षं मी मुलींना एकच शिकवलं: मी बाहेरून ओरडेन तेव्हाच खो द्यायचा. विचार माझा, पाय त्यांचे. चषक मिळत गेले, म्हणून कोणी मला टोकलं नाही. २००८च्या अंतिम सामन्यात शेवटचा एक गडी बाद करायचा होता. रंजिता पाठलागावर होती. मी ओरडले, "खो दे!" तिनं दिला नाही. सरळ खांबाकडे झेपावली आणि चार बोटांनी हुकली. आम्ही हरलो. राज्य संघाच्या निवडीसाठी मी तिच्या अहवालात शेरा लिहिला: "बेशिस्त. खेळाची समज नाही." ती सोळा वर्षांची होती. निवड झाली नाही; पुन्हा ती माझ्या मैदानावर आली नाही.

गेल्या वर्षी त्या सामन्याची चित्रफीत कोणीतरी फोनवर पाठवली. किती वेळा पाहिली, सांगता येत नाही. पळणारी खांबाकडे वळणार, हे रंजितानं आधीच ओळखलं होतं. माझी हाक येते तिथं तिचं पाऊल क्षणभर अडखळतं. तेवढ्यात गडी निसटतो.

मी आनेकलला गेले. दर रविवारी ती तिथल्या मुलींना खो-खो शिकवते. एक मुलगी चुकली, तर रंजितानं तिला विचारलं, "तुला काय दिसलं?" मुलगी सांगू लागली, बाकीच्या वाद घालू लागल्या. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग विचारलं,

"रंजिता, त्या दिवशी तुला काय दिसलं होतं?"

"तिचा खांदा, अक्का. वळायच्या आधी ती डावा खांदा पाडायची. पहिल्या डावापासून बघत होते."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

मी माफी मागितली. ती म्हणाली, "सरी अक्का, ठीक आहे. मुली थांबल्यात," आणि गेली.

३. वरील शेरा चुकीचा होता. समज तिला होती, मला नव्हती. हे सहीनिशी लिहून देते. याची प्रत राज्य संघटनेला पाठवावी. आता उपयोग नाही, तरी पाठवावी.

४. डावपेचांच्या माझ्या बावीस वह्या रद्दीत घालाव्यात. क्रीडाशिक्षक संग्राम मागायला येईल, देऊ नयेत. तोही बाहेरून ओरडतो. माझ्याकडूनच शिकला.

५. जागेचे कागद घेऊन भाग्यलक्ष्मीनं स्वतः आनेकलला जावं. रंजितानं नाकारली तर जागा भाग्यलक्ष्मीकडे राहील. पण गळ घालू नये, म्हातारीची शेवटची इच्छा वगैरे ऐकवू नये. तिचं ती ठरवेल.

सही: महानंदा ह. पाच्छापुरे
आमच्या दोघांसमक्ष सही केली. साक्षीदार: १. डॉ. शिवकुमार हिरेमठ २. अवधूत कुलकर्णी, शेजारी
बनशंकरी, बेंगळूरु. ९ नोव्हेंबर २०२५