उजव्या खांद्याखाली चार बोटं

सर्वप्रथम तक्रार. दुकानात चौदा डॉलरला मिळणाऱ्या मृत्युपत्राच्या छापील फॉर्मवर वडिलांच्या नावासाठी एकच चौकोन आहे. वासुदेव गोविंद खानझोडे, नागपुरात बत्तीस वर्षं भूमिती शिकवलेला सहा फुटी माणूस, त्या चौकोनात नुसता 'व्ही' म्हणून बसवायचा. जिवंतपणी माझे वडील एका खोलीत मावत नसत. सबब तो फॉर्म रद्दीत टाकून मी हे काम साध्या रेघी कागदावर, मराठीत करत आहे. वकीलबाई म्हणाल्या, भाषा कोणतीही चालेल. दोन साक्षीदार हवेत आणि सोबत इंग्रजी भाषांतर.

तर मी, दिगंबर वासुदेव खानझोडे, वय वर्षे एक्कावन्न, व्यवसाय कुणीही न वाचणारी संगणकाची मॅन्युअल्स लिहिणे, राहणार पार्सिपनी, न्यू जर्सी, लिहवून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. शाबूत म्हणण्यासारखं तेवढंच उरलं आहे. उजवा हात गेला, पाय गेले, डावा हात नोटीस पीरियडवर आहे. आजाराचं नाव लांबलचक आहे आणि डॉक्टरांनी दिलेली मुदत आखूड. जीभही जड झाली असून माझं बोलणं आता फक्त माझ्या बायकोला, शुभाला, कळतं. म्हणून मी सांगतो आणि ती लिहिते. सांगेन ते जसंच्या तसं लिहायचं असा करार आहे.

"शिव्यासुद्धा?" तिने विचारलं.

"शिव्या आधी."

याआधी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही. मरायचा विचारच नव्हता.

कलम १. घर शुभाचं. तळघरात पाणी येतं हे गिऱ्हाइकाला सांगावं असा इथला कायदा आहे. आपल्याला हे घर विकणाऱ्याने तो पाळला नव्हता, तरी शुभाने पाळावा. मागच्या अंगणातली कढीपत्त्याची कुंडी ऑक्टोबर लागताच आत घ्यावी. गेल्या वर्षी मी विसरलो आणि ते झाड माझ्याआधी गेलं. नवीन आणलं आहे, ही सूचना त्याच्यासाठी.

कलम २. बँकेतली शिल्लक आणि विम्याचे पैसे निम्मे शुभाला, निम्मे मुलीला, इशिताला. इशिताला एकच अट: या कागदाचं भाषांतर तिने करावं आणि अडलेला शब्द आईला विचारावा. त्यानिमित्ताने दोघी आठवडाभर तरी एकमेकींशी बोलतील. हे वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "बाबा, दॅट्स मॅनिप्युलेटिव्ह." हा शब्द तिला आईला विचारावा लागणार नाही.

कलम ३. मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात मी चौदा वर्षं विनोदी लेख लिहिले. अंक दर वर्षी संक्रांतीला निघायचा, ही चूक माझी नाही. त्या लेखांचं पुस्तक काढू नये. मंडळाचे अध्यक्ष मोहनराव शोकसभा घेतीलच, त्यांना अडवणं माझ्या जिवंतपणीही शक्य नव्हतं. फक्त दोन मिनिटं शांतता म्हणजे दोन मिनिटंच ठेवावी आणि त्या दोन मिनिटांत मोहनरावांनी बोलू नये.

कलम ४. माझी तलवार, जाळीचा मुखवटा आणि जाड जाकीट कॅरलच्या वर्गाला. हातमोजा कुणालाच देऊ नये. त्याला अजून माझ्या हाताचा आकार आहे, आणि तो बघवत नाही.

कॅरल कोण, हे लिहायला हवं. कॅरल डन माझे दात साफ करते. सन २००३ मध्ये खुर्चीत मला आडवं करून, तोंडात यंत्र घालून ती म्हणाली, "मी दर गुरुवारी चर्चच्या तळघरात जुनी इटालियन तलवारबाजी शिकवते. येणार?" तोंडात यंत्र असताना माणसाला नाही म्हणता येत नाही. शेजारी, माझ्याच गल्लीतला गिरीश तिजारे, त्याला मी ओढून नेलं. तलवारबाजी इटलीची, शिकवणारी आयरिश आणि शिकणारे दोघे नागपूरचे.

पहिलं वर्षभर कॅरल एकच वाक्य बोलली: आधी हात, मग पाय. हल्ला करताना टोक पुढे गेलं पाहिजे, शरीर त्यामागून. पाय आधी पडला की छाती उघडी पडते आणि समोरच्याला काही करावं लागत नाही, आपणच त्याच्या टोकावर जाऊन बसतो. पुढचं शिक्षण असं की आपलं पातं त्याच्या पात्यावर अलगद ठेवायचं, दाबायचं नाही, त्याचं टोक बाजूला राहील एवढंच बघायचं, आणि तसंच झेप घेत आत शिरायचं. आणि हूल: इकडे मारतो असं दाखवून तिकडे मारणं. हूल मला पहिल्याच महिन्यात आली. लेख लिहिताना मी दुसरं केलं काय होतं?

गिरीशला हूल कधीच जमली नाही. चेहरा आड येतो. मुखवटा घातला तरी त्याचा चेहरा दिसतो. त्याने एकच हल्ला धरला. त्याला काव्हात्सिओने म्हणतात. समोरच्याने आपल्या पात्यावर पातं ठेवलं, की आपलं टोक त्याखालून लिंबाएवढ्या वळशाने पलीकडे काढायचं आणि त्याच दमात हात लांब करून झेप. वळसा लिंबाचा मोसंबं झाला की मेलात.

यासाठी तो माझ्या गॅरेजमध्ये दोऱ्याला काचेची बांगडी टांगून तिच्यातून टोक काढायचा. शनिवार, रविवार, चौदा महिने. त्याची बायको, रेखावहिनी, ओक ट्री रोडच्या देशी दुकानांतून डझनाने बांगड्या आणायच्या. म्हणायच्या, "भाऊजी, लोकांचे नवरे दारू पितात. माझा माझा चुडा फोडतो, तोही तुमच्या घरी." शेवटची हिरवी बांगडी फुटली नाही. ती अजून तिथेच टांगलेली आहे. शुभा गाडी लावताना दर वेळी तिला चुकवते.

कलम ५. इथे शुभाने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "अहो, याची काय गरज आहे?" करार दाखवल्यावर उचललं.

जुन्या तलवारबाजीत टोक लागल्याचं दाखवणारे विजेचे दिवे नसतात. ज्याला लागलं त्याने स्वतः हात वर करून 'लागलं' म्हणायचं. बघणाऱ्याला दिसो न दिसो. कॅरलच्या वर्गात हाच नियम होता, आणि खरं तर हा एकच.

गुरुवार, नऊ नोव्हेंबर २००६. वर्षअखेरचा सामना, मी आणि गिरीश, चार-चार गुण, पाचवा घेईल तो जिंकला. कॅरल माझ्या पाठीमागे उभी होती. मी पातं त्याच्या पात्यावर ठेवलं आणि घाईने पाय आधी टाकला. त्याचं टोक खालून निघालं. मला दिसलंही नाही, लिंबाहून लहान वळसा. माझ्या उजव्या खांद्याखाली चार बोटांवर रबरी टोक टेकलं आणि माघारी गेलं. मारलं म्हणवत नाही इतकं हळू.

गिरीशने मुखवटा वर केला. "लागलं न बे?"

मी म्हणालो, "नाही."

हे मराठीत झालं, त्यामुळे जगात साक्षीदार दोनच. कॅरलने विचारलं, "काय म्हणतोय?" मी सांगितलं, "दमलाय." ती हसली. पुढचा हल्ला माझा, हूल देऊन. जिंकलो.

गिरीश त्यानंतरही दर गुरुवारी येत राहिला. दर गुरुवारी मुखवटा घालण्याआधी माझ्याकडे एकदा बघायचा. मी सांगेन म्हणून वाट पाहत होता, हे मला कळत होतं. संक्रांतीला दिवाळी अंक निघाला. त्यात माझा लेख: शेजारी तलवारीने पोहे कसे परततो. मंडळाच्या कार्यक्रमात मी तो वाचून दाखवला, पूर्ण हॉल हसला. गिरीशही हसला. ताट अर्धं ठेवून घरी गेला आणि परत वर्गाला आला नाही. त्या उन्हाळ्यात त्याने अॅरिझोनात, चँडलरला, बदली मागून घेतली.

माझं टोक खाली पडायला लागलं ते फेब्रुवारीत. "टोक वर," कॅरल सांगायची. मी वर केलं, ते खाली आलं. समोर गिरीश असता तर त्याच्या ते जानेवारीतच लक्षात आलं असतं. त्याने काही बदललं नसतं, पण निदान आधी शिव्या मिळाल्या असत्या.

गेल्या महिन्यात शुभाने त्याला फोन केला. मला तिने नंतर सांगितलं. माझं सगळं ऐकून घेऊन त्याने एवढंच विचारलं, "वहिनी, त्यानं काही सांगायला सांगितलं का?"

ती म्हणाली, "नाही."

"बरं," म्हणाला, आणि ठेवला.

फोनवर माझं बोलणं म्हणजे आता नळाला आलेली हवा. त्याला विमानाने ये म्हणण्याचा हक्क मला नाही, आणि तो येईपर्यंत मी असेन याची खात्री डॉक्टरांनाही नाही. शुभाने माझ्यासाठी एक पळवाट शोधली होती. "आजार तेव्हाच सुरू झाला असेल. हाताला कळलंच नसेल तुमच्या." मी डॉक्टरांना विचारायला लावलं. ते म्हणाले, या आजारात हालचाल जाते, स्पर्श जात नाही. शेवटपर्यंत सगळं कळतं. ही या आजाराची माझ्यावरची खास मेहरबानी.

तेव्हा लिहून ठेव. नऊ नोव्हेंबरला माझा हात ठणठणीत होता. आजारी माणसाला मारलं असं गिरीशने कधीही मनात आणू नये. हात आधी, पाय मग, वळसा लिंबाहून लहान. चार वर्षांत त्या तळघरात झालेला तो सर्वांत चांगला हल्ला होता. लागलं.

गिरीशला मी तलवार देत नाही. ती देऊन मी उदार ठरेन, आणि तेवढी लायकी नाही. रेखावहिनींची बांगडी मात्र परत पाठवावी, कापसात गुंडाळून.

कलम ६. वरील सर्व मी राजीखुशीने सांगितलं असून शुभाने वाचून दाखवलं आहे. सही करता येत नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला मी अंगठेबहाद्दर म्हणून जात आहे, याबद्दल चौकोनात न मावणाऱ्या वडिलांची माफी.

दिगंबर वासुदेव खानझोडे (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार:
१. राजेश वानकर, शेजारी
२. कॅरल डन

पार्सिपनी, न्यू जर्सी. शनिवार, १५ मार्च २००८.

सह्यांनंतरचा मजकूर कायदा धरत नाही म्हणे. न धरो. सही करण्याआधी कॅरलने राजेशला कलम पाच इंग्रजीत सांगायला लावलं. मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, "कुठे?" शुभाने माझा डावा हात उचलून धरला आणि मी जागा दाखवली. अंगठ्याची शाई ओली होती. सदऱ्यावर ठसा उमटला, उजव्या खांद्याखाली, बरोबर चार बोटांवर.

शुभा डाग काढायला उठली होती. तो सदरा धुवू नये. बांगडी त्यातच गुंडाळून चँडलरला पाठवावी.