शेवंता बसमध्ये चढली का?

८ फेब्रु., रवि.
आज अब्रू गेली. आणि खोटं कशाला लिहू, मजा आली.
उपदेश आणि कादंबरी, दोन्ही मी चर्चच्या जुन्या नोटिशींच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहितो. सकाळच्या मिस्साला घाईत भलतेच कागद उचलले. शुभवर्तमान वाचून झालं, उपदेशासाठी चष्मा लावला, वाचू लागलो: 'नवऱ्याला न सांगता शेवंता उचगावच्या स्टॉपवर येऊन उभी राहिली.' तिसऱ्या ओळीला कळलं. थांबायचं ना! पण समोर एकही जांभई नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वाचतच गेलो. 'बस आली. शेवंतानं बॅग उचलली.' लिहिलेलं शेवटचं पान संपलं. आज इतकंच, म्हणालो आणि वेदीकडे वळलो.
दारात मार्थाकाकी, माझा स्वयंपाक करते ती. "फादर, चढली का न्हाई ती? एवढं सांगा की!"

१० मंगळ.
बिशपसाहेबांचा फोन. कुणीतरी कळवलंच. गेल्या वर्षी बजावलं होतं त्यांनी, कादंबऱ्या पुरे, चर्च सांभाळा. मी हो म्हणालो, आणि पहाटे उठून लिहीत राहिलो. चुकलंच माझं. रविवारी स्वतः येतायत. लिखाण कायमचं बंद झालं तर... नको. कागद कपाटात, वर कुलूप.
बावड्याचा दूधवाला, देवळात जाणारा माणूस, तोही विचारतो, "फादर, शेवंताचं काय झालं? आमची मंडळी ऐकंना." ह्याच्यापर्यंत कसं पोचलं!

१५ रवि.
बिशपसाहेब आले. उपदेशाचे कागद तीनदा तपासले होते.
जेवताना: "आज्ञा मोडलीत, फादर." "हो." तेवढ्यात भाकरी वाढता वाढता मा.काकी, "सायेब, रागवा की, खुशाल रागवा. पर आदी त्यास्नी शेवट लिवू द्या. समद्या बायकांनी माझं डोस्कं खाल्लंय." साहेबांना ठसका. तिखटानं की हसून, कळेना.
जाताना कादंबरीचे सगळे कागद मागितले. एकशे बारा पानं गाडीतून गेली. घर भकास.

१७ मंगळ.
सकाळी सातला फोन. "एकशे बाराच्या पुढची पानं?"
"लिहिली नाहीत, साहेब. आपली आज्ञा."
मग, "म्हणजे त्या बाईला तिथं उन्हात उभी ठेवणार?" त्यांनी फोन ठेवला.
ही परवानगी की कानउघाडणी? मा.काकी म्हणते, "परवानगीच की! बसा लिवायला."
पेनात शाई भरली. एक जुनी नोटीस उलटी करून समोर ठेवली. एकच पंचाईत. ती चढते की नाही, मलाच माहीत नाही.