आरेन्येची सगळी माहिती

सोमवार, ३ मार्च. दुकान बंद.
माझे खाटीक सासरे लेओंस यांनी आज जेवताना सांगूनच टाकलं: जावईबापू, शनिवारी बैलाच्या मागच्या मांडीतली आरेन्ये अख्खी काढून दाखवा, दुकान तुमच्या नावावर. वीस वर्षं शाळेत लॅटिन शिकवलंय, एक मांसाचा तुकडा काय जड आहे. चाकूची तेवढी भीती वाटते. आणि सासऱ्यांची.

मंगळवार, सायंकाळी ६.
चाकूला हात लावला नाही. आधी पाया पक्का हवा, म्हणून वाचनालयात गेलो. फ्रेंचमध्ये आरेन्ये म्हणजे कोळी, जाळं विणणारा. तुकडा तळहाताएवढा, कमरेच्या हाडाच्या भोकावर बसलेला. त्यावर चरबीच्या रेघा कोळ्याच्या पायांसारख्या पसरतात, म्हणून हे नाव. जनावरामागे दोनच. काढायला किचकट, दिसायला ओबडधोबड, त्यामुळे गिऱ्हाइकाला न देता खाटीक स्वतःच खातो. नाव पहिल्यांदा कोणी ठेवलं, हे सापडलं नाही. तीन पानं टिपणं. अर्धं काम फत्ते.

बुधवार.
शीतघरात गेलो. आकड्यांना आठ मांड्या. मागे दार आपोआप लागलं. मी ओरडलो नाही. बायको ओदिल म्हणते, रस्त्यापलीकडे ऐकू आलं. मी शिकवते ना, बाबांच्या हाताखाली बारा वर्षं काढलीत, असंही म्हणाली. म्हटलं, आधी सिद्धांत.

शुक्रवार.
बोट कापेल. सासरे हसतील. नाही हसले तर त्याहून वाईट. इथे कोण वाचतंय, खरं लिहितो: मी फार घाबरलोय. उपाय सापडला. कापताना सारखं बोलत राहायचं, म्हणजे थरथरणाऱ्या हाताकडे कोणाचं लक्ष जाणार नाही.

शनिवार, सकाळी ११.
बोललो. उत्तम बोललो. नावाचा अर्थ, चरबीच्या रेघा, खाटकांची जुनी रीत. मध्येच एक चिंधीसारखं लिबलिबीत काहीतरी चाकूला अडकत होतं. ते खरवडून खिम्याच्या यंत्रात टाकलं आणि विचारलं, आता आरेन्येला कुठून सुरुवात करू?
सासऱ्यांनी यंत्राकडे बोट दाखवलं.
पुस्तकातलं चित्र फारच स्वच्छ होतं, हे नमूद करतो. दुसऱ्या मांडीतली ओदिलने काढली. चार मिनिटं. रेडिओ ऐकत.

रविवार, दुपार.
दुकान ओदिलच्या नावावर होणार. मी पुड्या बांधायच्या आणि गिऱ्हाइकांना नावांचे अर्थ सांगायचे. जबाबदारीचं काम आहे.
जेवायला बापलेकीच्या ताटात आरेन्ये, माझ्या ताटात खिमा. फार मऊ लागला, तसं म्हणालो. सासरे म्हणाले, खा जावईबापू, तुमचीच आहे ती. ओदिल खिडकीबाहेर बघायला लागली. मी अगदी शांत होतो. फक्त काटा तोंडापर्यंत पोचेतो निम्मा खिमा ताटात पडत होता.